कापसाच्या मुलखातली गोधडी : घरचा शिवणकोपरा आणि कापडाची खरेदी

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात आज कुणी गोधडी शिवायला घेतली, तर पहिली अडचण येते ती सुती कापडाची. गावाच्या चारी अंगांना कपाशी उभी असते. सीतादहीची पूजा करून वेचणीला हात घातला जातो आणि तिथून पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जात राहतात. पण घरातलं लोखंडी कपाट उघडून जुन्या साड्यांचा ढीग खाली काढला, की हाताला लागतात त्या बहुतेक सगळ्या पॉलिस्टरच्या. आहेरात आलेल्या, एकदोनदा नेसलेल्या, न विरणाऱ्या, न फाटणाऱ्या. आजीच्या काळी वर्षाकाठी दोनचार लुगडी जीर्ण व्हायची आणि त्यांतूनच घरातल्या सगळ्यांची पांघरुणं निघायची. गोधडीसाठी कापड विकत आणणं ही कल्पनाच त्या घरांना नवी वाटली असती. आता मात्र विकत आणावं लागतं, आणि म्हणूनच ते पारखून कसं घ्यावं, घरात कुठं आणि कसं ठेवावं, हे नव्यानं शिकण्याची वेळ आली आहे.

ही वेळ का आली ते या मुलखाच्या रेल्वेवरून कळतं. यवतमाळहून निघून दारव्हा मोतीबाग स्टेशनावरून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ही छोटी गाडी आता कित्येक वर्षं बंद आहे. पण तो अडीच फूट रुंदीचा रूळमार्ग किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं १९०३ च्या सुमारास टाकला तो कापसासाठी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाकडे मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वळली. युद्ध संपलं तरी ती नजर हटली नाही. शेतातला कापूस छोट्या गाडीनं मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या लायनीनं मुंबईला आणि बोटीनं विलायतेला. शकुंतला ज्या वाफेच्या इंजिनानं १९९४ पर्यंत ओढली, तेसुद्धा १९२१ साली मँचेस्टरमध्येच घडलं होतं. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, त्यामागचा एक विचार हाच होता की कापूस पिकतो त्याच्या जवळ कापड व्हावं. काही दशकं ते झालंही. नागपूरच्या कोष्टी विणकरांची लुगडी आणि गिरण्यांची पातळं वऱ्हाडातल्या बायांच्या अंगावर होती, आणि तीच पुढं गोधडीत जात होती. पुढं गिरण्या बंद पडल्या, हातमाग बसले, आणि सुरतेच्या कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी बाजार भरला. त्या स्वस्त आहेत, धुवायला सोप्या आहेत, शेतात काम करणाऱ्या बाईला लवकर वाळणारी साडी हवीच असते. त्याबद्दल कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही. पण त्या साडीची गोधडी होत नाही, हेही तितकंच खरं.

का होत नाही, हे नीट पाहू. गोधडीची ऊब कापडापेक्षा थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेची असते. स्थिर हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. चारपाच थर एकावर एक ठेवून जवळजवळ धावदोरा घातला, की दोन ओळींच्या मधे बारीक फुगवटे तयार होतात आणि त्यांत हवा कोंडून राहते. सूत अंगाचा घाम शोषतं आणि हळूहळू बाहेर सोडतं, म्हणून सुती गोधडीत गुदमरायला होत नाही. पॉलिस्टर घाम शोषत नाही. पौषातल्या रात्री ते आधी गार लागतं आणि मग चिकट. शिवाय त्याचे थर एकमेकांवरून घसरतात, टाका ओढला की चुण्या पडतात. आणखी एक गोष्ट धोक्याची आहे. चुलीजवळ, शेकोटीजवळ ठिणगी पडली तर सूतही पेटतं, पण पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतं. लहान मुलाच्या दुपट्यात ते अजिबात असू नये, असं माझं ठाम मत आहे.

जुनं सुती कापड नव्यापेक्षा चांगलं, हा आपल्याकडचा अनुभव आहे आणि त्याला कारणही आहे. कोऱ्या कापडात विणताना आणि नंतर घातलेली खळ असते. धुऊन धुऊन ती जाते, धाग्यांचा पीळ सैल पडतो, कापडाला जेवढं आटायचं तेवढं ते आटून घेतं, ज्याचा रंग जायचा तो जाऊन बसतो. म्हणजे गोधडीच्या आधी जे करायला पाहिजे, ते सगळं नेसणारीनं वर्षानुवर्षं करून ठेवलेलं असतं. विकतच्या कापडाला हेच आपल्याला चार दिवसांत करून घ्यायचं आहे.

म्हणून खरेदीला निघण्याआधी घरचा साठा मोजावा. प्रत्येक घरात चिंध्यांचं एक बोचकं असतंच. माळ्यावर, दिवाणात, कोठीच्या मागे. ते अंगणात किंवा सपरीत सोडावं आणि कापडं रंगावर न पाहता आधी जातीवर वेगळी करावीत. विणलेलं सुती एकीकडे. टीशर्ट, बनियन असलं होजिअरीचं ताणलं जाणारं कापड दुसरीकडे, कारण ते विणलेल्या कापडाशेजारी शिवलं की ते लांबतं आणि शेजारचं तसंच राहतं, मग पूर्ण गोधडी वाकडी होते. टेरिकॉटचे शर्ट तिसरीकडे. ते टिकाऊ असतात, आतल्या एखाद्या थराला चालतात. डेनिमची पँट चौथीकडे. यवतमाळजवळ लोहारा एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा मोठा कारखाना आहे, जीन्स घरोघरी आहे, पण चार थरांत ती घातली तर हातातल्या सुया मोडतात आणि गोधडी उचलवत नाही. तिची बसायची पट्टी करावी, सतरंजी करावी, पिशवी करावी.

जातीबद्दल शंका आली तर जाळून पाहावं. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरायचा, खाली पाणी घातलेली ताटली ठेवायची आणि काडी लावायची. सूत पिवळ्या ज्योतीनं भरभर जळतं, कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर ज्योतीपासून आकसतं, वितळतं आणि गार झाल्यावर काळा टणक मणी होऊन बसतं. मिश्र धाग्यात राखही मिळते आणि त्या राखेत खडेही लागतात. रेयॉन मात्र या परीक्षेत फसवतं, कारण तेही सुतासारखंच जळतं. हल्लीच्या कितीतरी कुर्त्या रेयॉनच्या असतात. त्याला ओळखायला धागा ओला करून ओढावा. ओलं रेयॉन कमजोर होऊन चटकन तुटतं, सूत ओलं झालं की उलट जास्त ताण सोसतं. नदीवर गोधड्या आपटून धुतल्या तरी वर्षानुवर्षं टिकायच्या, त्याचं एक कारण हे आहे.

मग येते जीर्णपणाची तपासणी. कापड उजेडाकडे धरलं की विरलेले भाग लगेच दिसतात. नऊवारी असो की सहावारी, बसण्याचा भाग आधी विरतो. पदर आणि काठालगतची पट्टी शेवटपर्यंत घट्ट राहते. विरलेलं कापड फेकायचं नाही, ते आत घालायचं. घट्ट कापड वर. जुन्या गोधडीची उसवलेली कड उघडून पाहा, आत डोक्याचा रुमाल, धोतराचा सोगा, पोराचं झबलं असं काय काय दिसतं, आणि प्रत्येक तुकडा कुठं विरला आहे ते पाहून त्यावर दुसऱ्याचा घट्ट भाग आलेला असतो. हा हिशेब कुठंही लिहून ठेवलेला नसतो. तो डोळ्यांनी आणि बोटांनी केलेला असतो, आणि माझ्या मते गोधडीची खरी कला वरच्या नक्षीइतकीच या न दिसणाऱ्या थरात आहे.

आता जागेबद्दल. शिवणकामासाठी वेगळी खोली असली तर उत्तमच, पण तालुक्याच्या गावातल्या घरात ती क्वचित असते आणि नसली म्हणून काही अडत नाही. मशीन ठेवायला तीन फूट भिंत पुरते. अडतं ते जमिनीपाशी. गोधडी पसरून थर लावायला आठ फूट बाय सहा फूट मोकळी, सपाट जमीन लागते, आणि तिच्या भोवतीनं फिरता आलं पाहिजे. म्हणून खोली लावताना आधी ही रिकामी जमीन ठरवावी आणि बाकी सगळं भिंतीला लावावं. बायका आधी कपाट घेतात, मग टेबल घेतात, मग कापडाचे डबे घेतात, आणि पसरायची वेळ आली की गच्चीवर जातात. गच्चीवर वारा थर उडवतो. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर तिथं पाय ठेववत नाही. ज्यांच्याकडे ओसरी किंवा सपरी आहे त्यांनी तीच खोली समजावी आणि फक्त साठा आत ठेवावा.

मशीन खिडकीशी अशी लावावी की उजेड डाव्या हातानं येईल. उजव्या हातानं शिवणाऱ्या बाईच्या हाताची सावली मग टाक्यावर पडत नाही. पायमशीन असेल तर ती काढून टाकू नये. लोडशेडिंगमध्ये ती थांबत नाही, आणि चार थरांवर सावकाश टीप घालायला पायाइतका ताबा मोटरवर राहत नाही. कापडाची कात्री वेगळी आणि कागदाची वेगळी, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावा. मेरठच्या कात्र्यांना २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या ओतीव मुठीच्या कात्र्या जड असतात, पण धारवाल्याकडून पुन्हा पुन्हा धार लावून घेता येतात. प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्वस्त कात्रीला एकदा बोथट झाल्यावर काही करता येत नाही.

साठा ठेवण्याची माझी आवडती पद्धत साधी आहे. तीन गठ्ठे : वरच्या बाजूचं, आतलं आणि अस्तराचं. आतल्या कापडाला घडीही नीट लागत नाही, एका मोठ्या पिशवीत भरलं तरी चालतं. अस्तराची मोठी कापडं घडी करून पेटीत. वरच्या बाजूचं कापड मात्र दिसलं पाहिजे, नाहीतर ते वापरलंच जात नाही. फळीवर उभ्या घड्या लावाव्यात म्हणजे एक ओढली तर दुसरी पडत नाही. फळीवर थेट ऊन येऊ नये, घडीच्या कडेला रंग उडून पट्टा पडतो आणि तो कशानं जात नाही. प्रत्येक घडीला टाचणीनं एक चिठ्ठी : पन्हा ४४, सव्वादोन मीटर, धुतलेलं. यातला ‘धुतलेलं’ हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा. सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही, आणि एक न धुतलेला लाल तुकडा पांढऱ्याशेजारी बसला की पहिल्याच धुण्यात केलेलं सगळं काम वाया जातं.

लहान तुकड्यांना लगेच आकार द्यावा. ब्लाउज शिवून उरलेलं कापड, शिंप्याकडची कतरण, जुन्या शर्टाची पाठ, हे जसंच्या तसं बोचक्यात गेलं की त्याच्या चिंध्याच राहतात. सात इंचाचे चौकोन, चार इंचाचे चौकोन आणि अडीच इंचाच्या पट्ट्या असे तीनच आकार ठरवले आणि तुकडा हातात आला की त्यांतल्या बसेल त्या आकारात कापून टाकला, तर वर्षभरात एका गोधडीचं वरचं कापड काहीही न करता साठतं. साधं विणलेलं सुती कापड कात्रीनं छोटी चीर देऊन हातानं फाडावं, ते धाग्याच्या सरळ रेषेत फाटतं. कात्रीनं डोळ्याच्या अंदाजानं कापलेला तुकडा तिरका जातो.

पावसाळा हा साठ्याचा शत्रू. काळ्या जमिनीवरच्या घरात ओल खालून चढते, म्हणून पेटी थेट फरशीवर न ठेवता लाकडी पट्ट्यांवर चार बोटं उचलून ठेवावी. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल कोंडते आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात; सुती खोळ बरी. कसर लागते ती बहुधा खळीमुळे, म्हणून साठवायचं कापड खळ न देता, धुऊन, कडक वाळवूनच आत टाकावं. वाळवलेला कडुनिंबाचा पाला घडीत घालायची जुनी सवय चांगली आहे, फक्त तो दर वर्षी बदलावा. डांबरगोळ्या वापरायच्याच असतील तर कापडाच्या पुरचुंडीत आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची रीत आहेच, त्याच दोन दिवसांत हा साठाही उन्हाला दाखवावा. भादव्यातलं ऊन कडक असतं आणि पावसाची ओल त्यात निघून जाते.

घरचा साठा असा समोर आला की काय कमी आहे ते कळतं, आणि बहुतेक वेळा कमी असतं ते अस्तर. वरच्या बाजूला तुकडे चालतात, खालच्या बाजूला सलग कापड लागतं. एका माणसाची गोधडी साधारण ५ फूट बाय साडेसात फूट, म्हणजे ६० इंच बाय ९० इंच. ४४ इंच पन्ह्याचं कापड असेल तर साडेसात फुटांचे दोन तुकडे जोडावे लागतात. आटणं आणि कडेची दुमड धरून ५ मीटर घ्यावं. ५८ इंच पन्ह्याचं कापड मिळालं आणि रुंदीत दोनचार इंच सोडून द्यायची तयारी असली, तर अडीच मीटरमध्ये भागतं आणि मधला जोडही टळतो. म्हणून भाव विचारताना मीटरचा भाव आणि पन्हा हे दोन्ही एकत्र पाहावेत. ४४ पन्ह्याचं स्वस्त वाटणारं कापड पुष्कळदा ५८ पन्ह्याच्या कापडापेक्षा महाग पडतं.

चौकोनांचा हिशेब याहून फसवा असतो. शिवल्यावर ६ इंचाचा चौकोन हवा असेल आणि चारी बाजूंना अर्धा इंच शिवणीत जाणार असेल, तर कापताना ७ इंच कापावा लागतो. ६० बाय ९० च्या गोधडीला असे १५० चौकोन लागतात. दिसणारं कापड ५,४०० चौरस इंच, पण कापावं लागणारं ७,३५० चौरस इंच. म्हणजे दिसतं त्याच्या छत्तीस टक्के कापड जास्तीचं लागतं आणि ते शिवणीच्या आत जातं. चौकोन १० इंचाचा केला तर तोच जास्तीचा भाग एकवीस टक्क्यांवर येतो. पण ११ इंचाचे चार तुकडे ४४ च्या पन्ह्यात कागदावरच बसतात, प्रत्यक्षात काठ सोडला की तीनच निघतात आणि बाकी पट्टी उरते. परदेशातल्या गोधडी शिवणाऱ्या बाया पाव इंचच शिवण धरतात. कोऱ्या, घट्ट विणीच्या कापडाला ते जमतं. आपल्या जुन्या मऊ कापडाच्या दशा निघतात, तिथं अर्धा इंच सोडावाच.

आता बाजार. दारव्ह्याच्या दुकानांत मांजरपाट, पॉपलीन, केंब्रिक, ब्लाउजचं टू बाय टू, शाळेच्या गणवेशाचं कापड मिळतं. अस्तरासाठी मांजरपाट सगळ्यांत सरळ, फक्त ते कोरं असल्यानं बऱ्यापैकी आटतं. वरच्या बाजूला केंब्रिक चांगलं. गणवेशाचं कापड बहुधा मिश्र धाग्याचं असतं. दुकानात बोलणं ठरलेलं असतं : “भाऊ, हे कॉटनच हाय ना?” “ताई, प्युअर कॉटन. रंगाची गॅरंटी.” दुकानदार खोटं बोलतो असं नाही, थानाच्या टोकाला जे छापलं असतं ते तो सांगतो, आणि ग्राहक टोक पाहत नाही. टोक पाहायला मागावं. मग कापड मुठीत घट्ट चुरगळून सोडावं : सुताला चुण्या पडतात आणि राहतात, पॉलिस्टर उलगडून पुन्हा सपाट होतं. दोन बोटांत घासून पाहावं. पांढरी भुकटी निघाली तर ती खळ आहे आणि धुतल्यावर कापड जाळीदार होणार आहे. उजेडाकडे धरून वीण पाहावी. ओल्या पांढऱ्या रुमालानं गडद रंग घासून पाहायला कुणी मनाई करत नाही. “बाई, आधी हातात घेऊन पाय, मंग पैसे काढ,” असं जुन्या बाया सुनांना सांगत, ते आजही लागू आहे.

अर्धा मीटर नमुन्याला आणून धुऊन पाहणं आणि मग बाकी घेणं ही चैन मोठ्या शहरातल्या माणसाला परवडत नाही, आपल्या गावात दुकान चार पावलांवर असतं. तिचा फायदा घ्यावा.

चाळीसेक किलोमीटरवर यवतमाळ आहे, तिथं निवड वाढते. घाऊक हवं असेल, बचत गटातल्या आठदहा जणींनी मिळून घ्यायचं असेल, तर अमरावतीचा घाऊक कापड बाजार किंवा नागपूरचं गांधीबाग गाठावं. पूर्ण तागा घेतला तर भाव उतरतो आणि अस्तराचा रंग सगळ्या गोधड्यांना एकसारखा मिळतो. एकटीनं एका गोधडीसाठी तिथवर जाण्यात प्रवासखर्च वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त होतो. खात्रीच्या शुद्ध सुतासाठी मात्र मी वर्ध्याचं नाव घेईन. महात्मा गांधींच्या हस्ते १९३८ साली सुरू झालेलं मगन संग्रहालय तिथं आहे, आणि तिथल्या समितीनं विदर्भातल्याच कापसाची, नैसर्गिक रंगांची खादी पुढं आणली आहे. खादी महाग पडते. पूर्ण गोधडी तिची करू नये. अंगाला लागणारी एक बाजू तिची केली तर पैसे वसूल होतात. आपल्या शिवारातला कापूस परगावी जाऊन पॉलिस्टर होऊन परत येतो आहे असं वाटणाऱ्याला, तोच कापूस कापड होऊन घरात आलेला पाहणं याचं मोल मला मोठं वाटतं.

आणलेलं कापड त्याच दिवशी साध्या पाण्यात रात्रभर भिजत घालावं. पाणी खळीनं पांढरट होतं, ते दोनदा बदलावं, मग साबणानं धुऊन सावलीत वाळवावं. रंग पक्का करायला मीठ घालतात. हल्लीच्या रंगांवर त्याचा भरवसा धरू नये. पाणी तिसऱ्यांदाही लाल निघत असेल तर ते कापड गोधडीत घालूच नये. गडद कापडं वेगवेगळी भिजवावीत, एवढं तर सांगायलाच नको.

रंग कसे जुळवावेत याचे नियम पुस्तकांत पुष्कळ असतात. मला त्यांपेक्षा अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं जीज बेंड हे खेडं जास्त शिकवणारं वाटतं. तोही कापसाचाच मुलूख. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या तिथल्या बायांनी शेतात घालून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. गुडघ्याला फाटलेली पँट उलगडली की खिशाच्या जागी उरलेला गडद निळा चौकोनसुद्धा त्यांनी नक्षीत घेतला. १९७२ मध्ये तिथल्या शिवणमंडळाला एका मोठ्या दुकानकंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या खोळींचं काम मिळालं, आणि उरलेल्या कतरणीतून त्यांच्या गोधड्यांत नवे रंग आले. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. त्या बायांनी आधी नक्षी ठरवून कापड आणलं नव्हतं. हाताशी जे होतं त्यातून नक्षी काढली होती. आपल्या दारव्हा, दिग्रस, पुसद भागातल्या तांड्यांवरच्या बंजारा बायांचं कामही पाहण्यासारखं आहे. लाल, निळ्या, पिवळ्या तुकड्यांवर दाट टाके, आरसे, कवड्या. गडद जमिनीवर पांढरा दोरा कसा उठून दिसतो हे त्यांच्या एखाद्या जुन्या पिशवीवरून जेवढं कळतं, तेवढं कुठल्याच रंगचक्रावरून कळत नाही. आणि याच वऱ्हाडात, शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांना लोकांनी गोधडे महाराज, चिंधेबुवा म्हटलं ते त्यांच्या अंगावरच्या ठिगळांच्या कपड्यामुळे. इथं ठिगळात नेहमीच कमीपणा मानला गेला, असं नाही.

शिवण्याबद्दल या प्रकरणात थोडंच सांगते, कारण पुढचं प्रकरण त्याच्यावरच आहे. अस्तर जमिनीवर पसरून त्याच्या चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावं, आतले थर लावताना प्रत्येकावरून हात फिरवून हवेचे मोठे फुगे आणि चुण्या बाहेर काढाव्यात, मग वरचं कापड. मोठ्या टाक्यांनी टाचून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नये. दोरा हाताच्या लांबीपेक्षा मोठा घेतला की गुंततो; त्यावरून मेण फिरवलं की सुरळीत चालतो. धावदोरा कडेनं सुरू करून चौकोनी फेऱ्यांत आत आत नेतात, म्हणजे चार बायका चार बाजूंनी बसू शकतात. दोन ओळींमधे बोटभर अंतर असलं की थर हलत नाहीत. पुऱ्या गोधडीला किती दिवस लागतात हे बसण्यावर आहे, पण विकायला शिवणाऱ्या बाईनं तास लिहून ठेवावेत. बचत गटांच्या प्रदर्शनात गोधडीची किंमत कापडावरून ठरवली जाते आणि हाताचे तास त्यात धरलेच जात नाहीत, हे मला पटत नाही.

खरेदीच्या यादीत एक गोष्ट बहुतेक जणी विसरतात. गोधडी सगळ्यांत आधी कडेला फाटते, कारण ओढताना, झटकताना, पिळताना हात तिथंच पडतो, आणि हनुवटीकडची बाजू तर रोज घासते. मधलं काम वीस वर्षं टिकेल असं असतं आणि कडेचा गोट मात्र पाचसहा वर्षांत जातो. तेव्हा त्याच रंगाचं कापड बाजारात मिळत नाही. म्हणून गोटाचं कापड दुप्पट घ्यावं. अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या लावायच्या असतील तर ६० बाय ९० च्या गोधडीभोवती ३०० इंच लांबी आणि कोपऱ्यांना थोडी, म्हणजे ४४ पन्ह्यातून आठ पट्ट्या, अर्ध्या मीटरच्या थोडं वर. सव्वा मीटर आणलं की दोनदा गोट होतो. दुसरा गोट पेटीत कोरा ठेवायचा नाही. पट्ट्या कापून, जोडून, गुंडाळी करून ठेवायची आणि गोधडी धुवायला काढली की तीही बरोबर धुवायची, उन्हात टाकायची. बदलायची वेळ येते तेव्हा तिचा रंगही बऱ्यापैकी उतरलेला असतो आणि नवा गोट जुन्या गोधडीला परका दिसत नाही.